शेवटच्या रांगेतली खुर्ची

मामांना कुणी मामा बनवू शकत नाही, म्हणून त्यांना मामा म्हणत असावेत, असं मला नोकरीच्या सुरुवातीला वाटायचं. खरं कारण अगदी साधं होतं. कंपनीत पूर्वी त्यांचा सख्खा भाचा कामाला होता. तो मामा म्हणायचा, मग सगळेच म्हणायला लागले. भाचा नोकरी सोडून गेला आणि मामा आम्हा सगळ्यांच्या वाट्याला आले. ओघानेच त्यांची बायको आमची मामी झाली.

आमची कंपनी ऑक्सिजनची मशीनं बनवते. ज्यांची फुप्फुसं थकली आहेत, अशा माणसांच्या घरी ती ठेवतात. पलंगाशेजारच्या छोट्या कपाटाएवढं मशीन, त्याला एक लांब पारदर्शक नळी आणि नळीचं दुसरं टोक माणसाच्या नाकाशी. मशीन चालू तोवर माणूस घरात हिंडतो, बोलतो, भांडतो. ते बंद पडलं तर सोबतीला एक सिलिंडर असतो, आणि आमच्या सेवा विभागाचा नंबर. फोन केला की आमचा मेकॅनिक स्कूटर काढून घरी जातो.

मामांनी नोकरीची पहिली अर्धी वर्षं त्या स्कूटरवर काढली. पुढे गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांना ऑफिसात आणून बसवलं, आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की हा माणूस बोलायला उभा राहिला की लोक मोबाइल खाली ठेवतात. तेव्हापासून डॉक्टरांसमोर, वितरकांसमोर, नव्या भरतीसमोर कंपनीच्या वतीने मामाच बोलायचे. त्यांच्या मागच्या पडद्यावर जे दिसायचं ते मी बनवायचे. आकडे, तक्ते, आलेख. त्यामुळे माझं नाव त्यांनी आलेखबाई ठेवलं होतं, आणि मी चिडते हे कळल्यावर ते जास्तच वापरायला लागले.

मला गोष्टींचा रागच होता, हे सांगून टाकते. कुठल्याही मीटिंगमध्ये कुणी "मला एक किस्सा आठवतो" म्हणालं की माझ्या कपाळाला आठी पडते. नमनाला घडाभर तेल, आणि शेवटी मुद्दा काय, तर आमची वस्तू चांगली आहे. मी मामांना तोंडावर म्हटलंही होतं. त्यावर ते म्हणाले, "अगं, तुझा आलेख खरा आहे, पण तो कुणाच्या घरात राहतो ते तरी लोकांना कळू दे." त्यांच्या भाषणाची रीतच तशी होती. आधी एक घर, त्या घरातलं एक माणूस, त्या माणसाची एक अडचण. ती ऐकणाऱ्याला आपली वाटली, की मग माझा आकडा. आकड्यानंतर दोन वाक्यं, की खाली बसायचं.

आणि खुर्ची. बोलण्याआधी मामा हॉलच्या शेवटच्या रांगेत एक रिकामी खुर्ची ठेवायचे आणि तिथे कुणाला बसू द्यायचे नाहीत. नवी माणसं त्यावर आपली बॅग ठेवायला जायची, तेव्हा मामा माइकवरून सांगायचे, "ती जागा धरलेली आहे." ज्याची गोष्ट सांगायची, त्या माणसाची ती खुर्ची. तो तिथे बसून ऐकतोय असं समजायचं आणि त्याच्या तोंडावर म्हणता येईल तेवढंच बोलायचं.

ही रीत त्यांनी स्कूटरच्या दिवसांत उचलली होती. एका विक्रेत्याचं भाषण ऐकायला सगळ्या मेकॅनिकांना हॉलमध्ये बसवलं होतं. त्याने एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली: एकटा, लाचार, मशीन आलं तेव्हा हात जोडून रडणारा. मामांच्या लक्षात आलं, हे घर आपल्याला ठाऊक आहे. मशीन त्यांनीच बसवलं होतं. तो म्हातारा इस्त्रीचा शर्ट घालून दार उघडायचा, मेकॅनिकला आधी बसा म्हणायचा, आणि नळी नाकाला लावून पेपरातल्या चुका लाल पेनाने काढायचा. "तो रडणारा नव्हता गं," मामा मला सांगायचे. "तो तिथे असता ना, तर त्या विक्रेत्याला उभं करून शुद्धलेखन घातलं असतं."

सगळं असं चाललं असताना कंपनीच्या धाकट्या मॅडमनी कारभार हातात घेतला. मोठ्या साहेबांची मुलगी, हुशार, कमी बोलणारी. त्यांनी सगळे विभाग तपासायला घेतले आणि सेवा विभागाशी येऊन थांबल्या. स्कूटरी, मेकॅनिक, घरोघरी फेऱ्या कशासाठी? फोनवरून सांगून बहुतेक बिघाड दुरुस्त होतात. राहिलेल्यांना दुसऱ्या दिवशी मशीन बदलून द्यायचं. विचार अगदीच चुकीचा नव्हता, म्हणूनच आम्हाला भीती वाटली. निर्णयाआधी विभागाने आपली बाजू मांडावी, असं त्यांनी कळवलं. बाजू मांडायची मामांनी.

सगळ्यांना माहीत होतं की मामांच्या घरातच एक मशीन आहे. मामी गेली काही वर्षं त्यावर होत्या. आणि सगळ्यांना हेही माहीत होतं की इतक्या वर्षांत मामांनी एकदाही, कुठल्याही हॉलमध्ये, मामींची गोष्ट सांगितली नव्हती.

"आता सांगा," मी म्हटलं. "यापेक्षा मोठी वेळ येणार नाही."

"तिला विचारायला हवं," मामा म्हणाले. "चल घरी."

मी तोवर त्यांच्या घरी गेले नव्हते. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आणि सगळ्या घरभर मशीनचा घुर्र आवाज, जो थोड्या वेळाने ऐकू यायचा बंद होतो. नळी फरशीवरून फिरत फिरत मामींपर्यंत जायची. मामी उठल्या की आधी मनगटाचा एक झटका देऊन ती मोकळी करायच्या, मग चालायच्या. "पायाखाली बघ हं," त्या मला पहिल्यांदा भेटल्यावर म्हणाल्या. "यांनी मला दावणीला बांधलंय. पळून जायची सोय ठेवली नाही."

ऑक्सिजन आणि आग जवळ आणायची नाही, म्हणून मामींना शेगडीकडे जायला बंदी होती. त्या स्वयंपाकघराच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसायच्या आणि आत मामा स्वयंपाक करायचे. मीठ किती, झाकण केव्हा, सगळे हुकूम बाहेरून. हजार माणसांसमोर न डगमगणारा माणूस फोडणी देताना घाबरून मागे वळून बघताना मी पाहिलाय.

मामींनी सगळं ऐकून घेतलं. विभाग बंद झाला तर काय होईल ते त्यांना सांगायची गरज नव्हती. "बरं, सांगून दाखवा," त्या म्हणाल्या. "मग ठरवते."

मामा खोलीच्या मधोमध उभे राहिले. मशीन बंद पडलं होतं त्या दिवसाची गोष्ट होती, मागच्याच वर्षीची. त्यांनी सुरुवात केली, "एका रात्री, सगळं शहर झोपलेलं असताना—"

"दुपार होती," मामी म्हणाल्या.

"अगं, हो, पण—"

"टळटळीत दुपार. मी मटार सोलत होते."

मामा पुन्हा सरसावून उभे राहिले. दुपारपासून सुरू केलं. मशीन बंद पडलं, कर्कश शिट्टी वाजायला लागली, तिने घाबरून हाका मारल्या, ती रडायला लागली.

"मी शिव्या दिल्या," मामी म्हणाल्या. "मशीनला, आणि कंपनीला. तुमच्यासकट."

मला हसू आवरेना. मामाही हसले. पण मला कळत नव्हतं ते एवढंच, की दुसऱ्यांच्या गोष्टी इतक्या जपून सांगणारा माणूस स्वतःच्या घरची सांगताना पदरचं का घालतोय. मामींना ते कळलं असावं. त्या नळी बोटांना गुंडाळत बसल्या होत्या.

"मी धावत आलो," मामा पुढे म्हणाले. "सिलिंडरची चावी—"

मामींनी हात वर केला. ह्या वेळी आवाज खाली होता. "अहो. तुम्ही कुठे होतात?"

मामा खिडकीकडे वळले.

"तुम्ही हॉलमध्ये होतात. गोष्ट सांगत होतात. फोन बंद होता. मी आधी तुम्हालाच लावला, तो लागला नाही, मग कंपनीला लावला. सिलिंडरची चावी माझ्याच्याने फिरेना, म्हणून मी दाराची कडी काढून दारातच बसले, म्हणजे येणाऱ्याला ठोकत बसायला नको. मग पाना आला."

पाना म्हणजे आमचा एक मेकॅनिक. त्याच्या शर्टाच्या खिशात कायम एक पाना असतो. त्याने येऊन आधी सिलिंडर सुरू केला, मामींना धरून आत नेऊन बसवलं, मग मशीन उघडून दुरुस्त केलं. जाताना सांडलेले मटार गोळा करून दिले.

"मला तुमचा राग नाही," मामी म्हणाल्या. "कामावरचं माणूस कामावरच असणार. पण सांगायचं असेल तर हे सांगा. नाहीतर मला त्या खुर्चीत बसवू नका. मी उठून जाईन."

मामा खिडकीपासून परत आले. मग म्हणाले, "सांगतो. असंच सांगतो." मामींनी मान हलवली आणि मला म्हणाल्या, "आणि तू गं, तुझ्या त्या तक्त्यात माझी दुपार कुठे आहे ते बघ."

मी ऑफिसात परत आले आणि खरंच बघितलं. आजवर मी सेवा विभागाचे फोन महिन्यावारी मांडत आले होते. ते दिवसाच्या कुठल्या वेळी येतात हे मांडायचं मला सुचलंच नव्हतं. आमच्या सगळ्यांच्या डोक्यात रात्रच होती. मांडलं तर रात्रीचे फोन थोडे निघाले. आलेखाचा उंच डोंगर भर दिवसा उभा होता, घरातली धडधाकट माणसं कामावर गेलेली असतात त्या वेळेत. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, तशी मामींच्या एका दुपारवरून माझी सगळी मांडणी बदलली. मी फोन करून मामींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग! मी काय एकटीच दुपारची मरायला टेकलेली असते का?" आणि हसता हसता त्यांना खोकला लागला. मामांनी फोन घेतला आणि नंतर बोलू म्हणाले.

मीटिंगच्या आधीच मामींच्या छातीत संसर्ग झाला. त्यांना हॉस्पिटलात नेलं. त्या घरी परतल्या नाहीत.

मी मामांना भेटायला गेले तेव्हा घरात माणसं होती, पण मला तिथे सगळ्यात आधी जाणवली ती शांतता. मशीन बंद होतं. नळी गुंडाळून त्यावर ठेवली होती, आणि तरीही दारातून आत येणारा प्रत्येक जण सवयीने खाली बघून पाय टाकत होता. मला रडू आलं ते ते बघून.

धाकट्या मॅडमनी मीटिंग पुढे ढकलू म्हणून निरोप पाठवला. मामांनी नको म्हणून कळवलं.

त्या सकाळी हॉलमध्ये आम्ही दोघंच आधी पोहोचलो होतो. मी प्रोजेक्टर लावत होते. मामांनी दाढी केली होती, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात होतं. ते मी नीट केलं. आणि तेव्हा मी एक गोष्ट बोलले. म्हटलं, "मामा, मामी गेल्या एवढंच सांगा. कशा गेल्या, ते आज कुणी विचारणार नाही." म्हणजे मला म्हणायचं होतं, ऐकणाऱ्यांना वाटू दे काय वाटायचं ते. मशीन बंद पडलं, माणूस गेलं, अशी त्यांची ते जोडणी करतील. विभाग वाचेल. खोटं एक अक्षर बोलावं लागणार नाही.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "खुर्ची ठेवलीस का?" एवढंच विचारलं. मी ठेवली नव्हती. त्यांनी स्वतः जाऊन ठेवली.

लोक जमले. मोठे साहेब, धाकट्या मॅडम, सगळ्या विभागांचे प्रमुख. पाना आणि त्याचे सोबती भिंतीला टेकून उभे होते, कारण त्यांची नोकरी पणाला लागली होती आणि बसायला कुणाला सुचत नव्हतं. मागे एक खुर्ची रिकामी होती, पण तिच्यावर कुणी बसलं नाही. ती कुणाची, हे त्या दिवशी कुणाला सांगावं लागलं नाही.

मामा उभे राहिले. त्यांचा आवाज मी शेकडो वेळा ऐकला होता. तो नेहमीसारखा निघाला, हॉलभर पसरणारा, आणि नेहमीच्याच वळणावर गेला.

"त्या रात्री माझी बायको—"

ते थांबले. मान वर करून त्यांनी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं, आता यांना पुढे बोलता यायचं नाही.

"रात्र नव्हती," मामा म्हणाले. "दुपार होती. ती मटार सोलत होती."

त्यानंतरचा आवाज हॉलभर पसरणारा नव्हता. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीशी बोलताना असतो तसा होता. त्यांनी सगळं सांगितलं. शिट्टी वाजली, तिने शिव्या दिल्या, चावी फिरेना. "तिने आधी मला फोन लावला. मी इथे होतो, याच हॉलमध्ये. तुमच्यापैकी काही जण समोर बसला होतात. मी फोन बंद ठेवला होता, कारण मी गोष्ट सांगत होतो. मग तिने सेवा विभागाला लावला आणि तिथून माणूस गेला."

त्यांनी पानाकडे बोट दाखवलं नाही. पाना खाली बघत होता.

"ती आता नाही. आजारानं गेली, हॉस्पिटलमध्ये. आपल्या मशीनमुळे नाही. त्या दुपारनंतर मशीन शेवटपर्यंत नीट चाललं. हे मी सांगितलं नाही, तर तुम्हाला भलतंच वाटेल आणि ते तिला चालणार नाही." मग ते माझ्याकडे वळले. "आलेख लाव."

मी लावला. दिवसाच्या वेळा, फोन, तो डोंगर. मामांनी फक्त दोन वाक्यं बोलायची ठेवली होती. "हे सगळे दुपारचे फोन आहेत. घरातलं माणूस जेव्हा कामावर असतं, तेव्हाचे." आणि ते खाली बसले.

मग धाकट्या मॅडमनी विचारलं, "त्या दुपारी माणूस गेला नसता, फोनवरूनच कुणी समजावून सांगितलं असतं, तर काय झालं असतं?"

मी मनातल्या मनात म्हणत होते, सांगा मामा, मेली असती म्हणा, एवढंच म्हणा.

"मला माहीत नाही," मामा म्हणाले. "मी तिथे नव्हतो. पण फोनवरून चावी फिरत नाही."

मॅडमनी ते कागदावर लिहून घेतलं.

सेवा विभाग राहिला. तसाच्या तसा नाही: रात्रीची पाळी कमी झाली, दिवसाची वाढली, आणि साधे बिघाड फोनवरच सोडवायचे ठरले. पाना आजही स्कूटर काढतो. निर्णय गोष्टीमुळे झाला की आलेखामुळे, यावर आमचा वाद मामा निवृत्त होईपर्यंत चालला. मी म्हणायचे गोष्टीमुळे, ते म्हणायचे आलेखामुळे, आणि दोघांनाही दुसऱ्याचं पटत नव्हतं. नव्या मुलांना हल्ली मीच शिकवते. आधी एक घर, एक माणूस, एक अडचण, मग आकडा. खुर्चीबद्दल सांगितलं की ती हसतात. मी हसू देते.

त्या दिवशीचं एक राहिलं. सगळे निघून गेल्यावर मामा शेवटच्या रांगेपर्यंत गेले. इथे मला फार लिहावंसं वाटतंय की ते त्या खुर्चीपाशी बसून ढसाढसा रडले. वाचणाऱ्याला ते बरं वाटेल, आणि मलाही वाटेल, कारण मी स्वतः तेव्हा दाराआड उभी राहून रडत होते. पण हे लिहायला बसताना मी टेबलापलीकडे एक खुर्ची ठेवली आहे, आणि मामा ऐकतायत.

ते रडले नाहीत. चालताना मध्येच त्यांनी नळी ओलांडावी तसं पाऊल उचलून पुढे टाकलं, फरशीवर काहीच नव्हतं तिथे. मग त्यांनी खुर्ची उचलली आणि भिंतीलगतच्या बाकीच्या खुर्च्यांवर नीट रचून ठेवली.